चार कापांची पुडी

व्याल्याच्या दुसऱ्याच दिवशी ग्रोना शेळीने गवताकडे पाठ फिरवली. ओड्नीने तिचं दूध चाखलं. बाबा रोज सकाळी चाखायचे तसं. खवट लागलं, आणि कडवटपणा जिभेवर रेंगाळला.

बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. ग्रोना त्यांच्या कळपाची म्होरकी. जूनमध्ये डोंगरावरच्या कुरणाकडे निघताना बेचाळीस शेळ्या तिच्या घंटेमागे चालायच्या. बाबांचं काही जिवंत ठेवायचं तर हिला, एवढंच ओड्नीने ठरवलं होतं.

गुन्वोर, खोऱ्यातली जुनी पशुवैद्य, गोठ्यात वाकली आणि तिने शेळीचं तोंड हुंगलं.

"ये, वास घे."

नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा गोडसर वास होता.

"यकृत. पिल्लं पोटात असताना ही फार माजली. आता दुधासाठी अंगावरची चरबी वितळतेय आणि सगळी यकृताकडे धावतेय. त्याला ती पेलत नाही. मग भूक मरते, दूधही बिघडतं." तिने बरगड्या चाचपल्या. "काय गं, हिला रोज लग्नाच्या पंगतीला बसवत होतीस?"

"सगळ्यांना एकच गवत घालते मी."

"बाकीच्यांच्या बरगड्या हाताला लागतात. हिला कुणीतरी पाव चारलाय, कित्येक आठवडे. तुझे बाबा तर नसणार. माझ्या पोराने एकदा बिस्किट दिलं, तर त्यांनी त्याला गोठ्याबाहेर काढलं होतं."



बाबांच्या आजारपणातला सगळा हिवाळा ओड्नी रोज सकाळी पावाचे चार काप करायची. त्यावर लोणी, घरच्या शेळ्यांच्या दुधाचं तपकिरी चीज, मध्ये कागद, वरून कागदाची पुडी. बाबा ती खिशात घालून गोठ्यात जायचे. दुपारी कागद नीट घडी होऊन टेबलावर परत यायचा.

"सगळं खाल्लंत?"

"सगळं. लोणी जरा कमी लाव. जाडी वाढतेय."

तेव्हा ते इतके वाळले होते की पट्टा शेवटच्या भोकालाही सैल पडायचा. बाबांना अजून थट्टा सुचते म्हणून ती हसली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिने लोणी मुद्दाम जास्त लावलं होतं. दवाखान्यातून फोन आला की ती सांगायची, "जेवतायत. व्यवस्थित जेवतायत."

"ग्रोना वाचेल?" ओड्नीने गुन्वोरला विचारलं.

"हे गोड औषध दिवसातून दोनदा घशात ओत. पाव मात्र दाखवूसुद्धा नकोस."

दोन दिवस ओड्नीने ते औषध ओतलं. ग्रोना गिळायची, पण गवताला तोंड लावायची नाही. ओड्नी बाबांचा कोट घालून आत आली की मान उचलून खिसा हुंगायची, आणि मान पुन्हा खाली टाकायची. तिसऱ्या सकाळी ती उठलीच नाही. तिची दोन्ही पिल्लं ओड्नीने दुसऱ्या शेळीला लावली.

मग ती घरात गेली. चार काप केले. लोणी जाड लावलं, चीज ठेवलं, मध्ये कागद घातला. पुडी घेऊन ती गोठ्यात आली आणि बाबा बसायचे त्या पालथ्या बादलीवर बसली. शेळ्या जमल्या. एकीने तिच्या कोपराला डोकं घासलं.

"नाही," ओड्नी म्हणाली.

 एकेक चावत तिने चारही काप संपवले, आणि कागदाची नीट घडी घातली.