पोटात चुंबक नसलेला देवमासा

मित्रांनो, मी जुना आहे आणि वर खोटाही आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुरकूर नको. डोक्याच्या आतले फोटो काढणारे यंत्र असते ना, मी हुबेहूब त्याच्यासारखा दिसतो. पण फोटो काही मला काढता येत नाहीत. मी ग्रोनिंगन शहरातल्या एका रुग्णालयात राहतो. खरे यंत्र म्हणजे माझा थोरला भाऊ. तो दोन दारे सोडून पलीकडे बसतो. त्याच्या पोटात भलेमोठे चुंबक आहे आणि माझ्या पोटात नुसती हवा.

मला हार्मेन नावाच्या सुताराने घडवले. तो आधी होड्या बांधायचा, म्हणून माझी पाठ इतकी गुळगुळीत आहे. वर निळा रंग, आत सरकणारी फळी, एक छोटा पडदा, एक माइक आणि थोरल्या भावाचा ठकठकाट ऐकवणारा एक स्पीकर. हलले की खरा फोटो बिघडतो, म्हणून मुलांनी आधी सरावाला माझ्यात शिरायचे आणि कार्टून बघत गप्प पडून राहायचे. डोके हलले की कार्टून थांबायचे. दहा मिनिटे न हलता काढली, की थोरल्या भावाकडे रवानगी. काम संपले तेव्हा हार्मेन म्हणाला, "झाला बघा आपला देवमासा!" आणि संडासातल्या दिनदर्शिकेवर त्याने चौदा मेच्या पुढे माझे नाव लिहिले. आमच्याकडे वाढदिवसांची दिनदर्शिका संडासातच टांगतात. रोज नजरेस पडते, त्यामुळे विसरलो म्हणायची सोय राहत नाही.

ते दिवस फार सुखाचे गेले. एक पोरगी तर आत चक्क घोरू लागली. मला चालवणाऱ्या ओनेने तिला उठवले नाही. स्वतःच खुर्चीत हळूच कॉफी पीत बसला. दर चौदा मेला माझ्या नावाने केक कापला जायचा.

पुढे विभागाची मंडळी वरच्या मजल्यावर गेली आणि मी खालीच राहिलो. माझ्यावर ओले कोट वाळत पडू लागले. सहा वर्षे मला कोणी विचारले नाही. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचे.

मग एके दिवशी डॉक्टर वीत्स्के आल्या आणि त्यांनी माझ्यावरचे कोट उचलले. त्यांना मुलांच्या मेंदूंचे फोटो हवे होते. मित्रांनो, आपल्या पेशींमध्ये गुणसूत्रे असतात. मुलींना बहुधा दोन एक्स असतात, मुलांना एक एक्स आणि एक वाय. काही मुलांना यातले एखादे जास्तीचे मिळते. त्याने मेंदूच्या घडणीत काय फरक पडतो, हे डॉक्टरीणबाईंना बघायचे होते.

यिक्के त्यांच्यातलीच. वय वर्षे नऊ, तीन एक्स, आणि अंगात भिंगरी. दोनदा आली आणि दोन्ही वेळा मिनिटभरात हलली. तिसऱ्या खेपेला जमले नाही, तर तिचे नाव यादीतून गळणार होते. तिसऱ्या खेपेलाही ती हललीच.

"अगं, घरी टीव्हीसमोर तर दगडासारखी बसतेस!" तिची आई वैतागली.

"मला शूला जायचंय," यिक्के म्हणाली आणि पळाली.

संडासातून परत आली ती एकदम गंभीर होऊन. सरळ आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "अभिनंदन, आई, देवमाशाच्या वाढदिवसाबद्दल." मग ओनेचा हात, मग डॉक्टरीणबाईंचा. वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन सगळ्यांचे करायचे, ही आमची रीत.

ओनेचा चेहरा उतरला. "आज चौदा मे! सहा वर्षं विसरलो आम्ही. हार्मेनला तोंड कसं दाखवू?"

"त्याला नंतर दाखवा. आधी याची माफी मागा," यिक्के म्हणाली आणि स्वतःच माझ्यात शिरली. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! आत येऊन ती माझ्या कानाशी लागल्यासारखी कुजबुजली. माइक चालू आहे, हे तिच्या ध्यानातच नव्हते.

"देवमाशा, खरं सांग हं. तुझ्या भावाचं ते चुंबक माझा तिसरा एक्स ओढून काढणार का रे? सगळे म्हणतात, तो जास्तीचा आहे. पण मला तो हवाय. तो गेला तर मी दुसरीच कुणीतरी होईन."

बाहेर सगळ्यांना ते ऐकू गेले. आईने तोंडावर हात धरला. तीन खेपा "हलू नकोस" म्हणत होतो आम्ही, पण का हलतेस, असे एकानेही विचारले नव्हते.

डॉक्टर वीत्स्के फरशीवर गुडघे टेकून माझ्या तोंडाशी बसल्या. "यिक्के, चुकलं माझं, हे आधीच सांगायला हवं होतं. तो एक्स डोक्यात खड्यासारखा अडकलेला नसतो गं. तो तुझ्या अंगभर पसरलाय, पेशीपेशीत. चुंबक त्याला ओढूच शकत नाही."

"अंगठ्यातपण आहे?"

"पायाच्यासुद्धा!"

आतून खुदकन हसू आले. मग यिक्के दहा मिनिटे अशी पडून राहिली, की ओनेने दोनदा वाकून श्वास चालू आहे ना ते पाहिले. लगेच थोरल्या भावाकडेही ती तितकीच निवांत पडली.

फोटो आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो दोन एक्सवाल्या आणखी नऊ मुलींच्या फोटोंत मिसळून टेबलावर मांडला. "ओळख बघू तुझा."

यिक्केने तीनदा बोट ठेवले, तिन्ही वेळा चुकली. "तुम्ही ओळखा!"

"मलाही नाही येत. शेकडो फोटो एकत्र मोजले की मग सरासरीत दिसतं, एखादा भाग जरा लहान, एखादा जरा जाड. ते कळलं, तर शब्द सापडायला कुणाला वेळ लागत असेल, त्याला शाळेत वेळेवर मदत मिळेल. एका फोटोवरून कोण कसं आहे ते नाही सांगता येत."

जाताना यिक्के माझ्याकडे वळली. कोटाच्या बाहीने तिने माझी धुळकट पाठ पुसली आणि म्हणाली, "माझ्याकडे एक जास्त आहे, तुझ्याकडे एक चुंबक कमी. तरी दोघांचं छान चाललंय की!"

तेव्हापासून माझ्यावर कोणी कोट टाकत नाही. मित्रांनो, तुमच्यातले कोणी सारखे चुळबुळत असेल, तर त्याला "गप्प बस" म्हणण्याआधी जवळ जाऊन विचारा, कशाची भीती वाटते. आणि एवढे करून वेळ उरला, तर चौदा मे लक्षात ठेवा. यंदा केक यिक्के आणणार आहे.