उतारावरची पैज

गुडीहत्नूरचे डोमाजी भाजीचे ठोक व्यापारी. फ्लॉवरचा पाला काढून मगच वजन करणारा माणूस. इंजिन गुरगुरतं म्हणजे पेट्रोल पितं, हा त्यांचा सिद्धांत. उतार लागला की गाडी न्यूट्रलवर. देव फुकटात ढकलून राह्यला, तर गाडीला पाजायचं काऊन?

सून सुवर्णाला आदिलाबादच्या एका दवाखान्यात रक्ततपासणीची नोकरी लागली होती, सोमवारपासून. इतक्या सकाळी बस नव्हती. गाडी तिला उत्तम यायची. चावी मात्र सासऱ्यांच्या कमरेच्या करगोट्याला. बायका उतारावर गियर काढत नाहीत, पेट्रोल जाळतात, असं त्यांनी कारण दिलं होतं. चावी गेली की सुनेला "कुठं चालली?" असं विचारत बसावं लागेल, हे खरं कारण, पण ते काही चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

सुवर्णानं समजावून पाहिलं होतं. गियरमध्ये ठेवून पाय उचलला, की चाकंच इंजिन फिरवतात. नवी गाडी पेट्रोल पार बंद करते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला जिवंत राहायला थेंब थेंब प्यावंच लागतं. डोमाजी हसले. नवरा गोपालही हसला, कारण बाप हसला होता.

लेक-जावयाच्या मुलीच्या अक्षराभ्यासाला, म्हणजे सरस्वतीच्या देवळात पहिली अक्षरं गिरवायला, सगळे बासरला निघाले, तेव्हा निर्मळच्या अलीकडच्या घाटावर डोमाजींनीच पैज लावली. अर्धा उतार सुनेचा, अर्धा त्यांचा. समोरच्या काचेखाली अ‍ॅव्हरेजचा आकडा येतो. ज्याचा मोठा, त्याची चावी.

सुवर्णा तिसऱ्या गियरमध्ये, पाय उचलून उतरली. आकडा चढत गेला आणि वर जाऊन चिकटून बसला. अर्ध्या वाटेवर जागा बदलल्या, आकडा पुसला. डोमाजींनी न्यूट्रल टाकलं. आकडा चढला, पण सुनेच्या आकड्यापर्यंत पोचेना. मागून सासू बयनाबाई म्हणाली, "देव कमी ढकलून राह्यला वाटते."

चाळीस वर्षांत बायको पहिल्यांदा त्यांना हसली होती. डोमाजींनी चावी एक घर मागे फिरवली. इंजिन गप्प झालं.

"मामाजी, चालू करा. इंजिन बंद असलं की ब्रेक नीट लागणार नाही."

"बस गुमान."

पहिल्यांदा ब्रेक लागला. दुसऱ्यांदा अर्धा. तिसऱ्यांदा ब्रेक पायाखाली दगडासारखा घट्ट. स्टिअरिंग जड झालं, गाडी कठड्याकडे ओढली गेली आणि डावं दार कठड्याला घासत करकरलं. सुवर्णानं हात घालून चावी फिरवली, "क्लच" म्हणाली. सुनेचा हा एवढाच शब्द त्यांनी ऐकला. तिनं दुसरा गियर टाकला, त्यांनी क्लच सोडला. गाडीनं हिसका खाल्ला, इंजिन जागं झालं आणि वेग मरत गेला. पुढच्या वळणावर गाडी थांबली.

डोमाजी उतरले, दारावरचा ओरखडा बोटानं चाचपला.

"चालत्या गाडीत हात घातला हिनं," ते म्हणाले. "पाहिलं ना रे गोपाल?"

गोपालनं दाराकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. गाडी बापाच्या नावावर होती, दुकानही.

"घातला खरा," तो म्हणाला.

सुवर्णानं सासूकडे पाहिलं. बयनाबाईचं हसून झालं होतं, आता त्या घरात राहायचंही होतं. "मी डोळे मिटले होते," ती म्हणाली.

मग पैज मोडलीच. डोमाजींनी सुनेला मागे बसवलं आणि उरलेला घाट दुसऱ्या गियरमध्ये, पाय उचलून, अगदी बेतानं उतरले.

बासरला पाटीवर अक्षरं गिरवून झाली आणि डोमाजींनी जावयाला बाजूला घेतलं. नव्या गाडीला उतारावर न्यूट्रल टाकू नये. चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल पार बंद होते. जावई मान डोलावत होता. दोन पावलांवर सुवर्णा दवाखान्याला फोन लावून, सोमवारपासून येणं जमणार नाही म्हणून सांगत होती.

डोमाजी वळले.

"हळू बोल ना जरा," ते म्हणाले. "मी समजावून सांगून राह्यलो इथं."