इंद्रभानचा हौद

आमच्या बोर्डिंगातले पोट्टे जात मानत नव्हते. असं तेच सांगत. मानायची ती घरमालकीण, सत्यभामाबाई. विहीर तिची, म्हणून नियमही तिचा. मी भाऊराव, जानेफळचा, अन् अमडापूरचा इंद्रभान, आम्ही दोघंच बौद्ध. विहिरीले आम्ही हात लावायचा नाही. दूर घागर ठेवून उभं राह्यचं, कोणी वरून ओतलं तर घ्यायचं. ओतणाऱ्याची आंघोळ, कपडे, गप्पा सारं उरकल्यावर आमचा नंबर लागे. तवर कॉलेजातला पहिला तास बुडालेला असे.

इंद्रभानले याचा बम राग. मले म्हणे, "भाऊराव, मले आपल्या हातानं पाणी काढून प्याचं हाय. बस, एवढंच."

मागच्या अंगणात गुरांचा जुना हौद पडला होता. त्यानं तो मागून घेतला. बाई म्हणे, घे बापा, कुत्रे झोपतात त्यात. मंग त्यानंच तेलाचे डबे कापून पन्हाळ केली, टिनाच्या छपराले तारेनं बांधली, हौद सिमेंटानं लिंपला, वर पत्र्याचं झाकण टाकलं. बाहत्तरचा पाऊस आला तो नावाले, पण छप्पर मोठं होतं. हौद भरला. त्यानं लोटा बुडवला, आधी मले दिला अन् मंग स्वतः प्याला. इतका खूश मी त्याले कधी पाह्यला नव्हता.

पोट्ट्यायनं टिंगल मांडली. सहदेव बी.एस्सी.ले होता, बोर्डिंगात त्याचाच शब्द चाले. "कबुतराच्या शिटाचं पाणी हाय बे ते. पटकी होऊन मरसान." बाकीचे दात काढत. सुट्टीत घरी जाऊन सांगत, आमच्याकडं दोन येडे छपराचं पाणी पेतात.

दिवाळीनंतर विहिरीत नुसता गाळ उरला. मंग ती कबुतरं कुठं गेली कोण जाणे. एकेक जण लोटा घेऊन यायला लागला. मी म्हटलं, देऊ नको साल्यायले. इंद्रभान म्हणे, "तहानलेल्याले नाही कसं म्हणू?" ते आपल्या हातानं बुडवून नेत, आम्हीही नेत होतो. काही दिवस सारे एकाच हौदातून प्यालो. इंद्रभानले वाटलं, सुटलो एकदाचे. मलेही वाटलं, खोटं काऊन सांगू.

मंग सहदेवनं सगळ्यायले जेवणाच्या खोलीत बोलावलं. "पाणी पुरवलं पाह्यजे. जो तो हात घालते तर हौद नासते. कुलूप लावू, एकानंच वाटावं." बोलणं बरोबरच होतं. इंद्रभाननं सगळ्यायच्या आधी हात वर केला. किल्ली सहदेवकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रांग लागली. आम्ही रांगेत गेलो तं सहदेव म्हणे, "तुमी दोघं जरा बाजूले व्हा. शेवटी देतो."

"काऊन?" इंद्रभाननं विचारलं.

"माझं काही नाही गड्या. आपल्या बोर्डिंगातल्या पंजाबरावच्या घरचे आले होते. या दोघायचा हात लागलेलं पाणी पेता का म्हणे, पोराले घरी घेऊन जातो. समजून घे ना."

आवाज मोठा गोड. रांगेतले सारे आपापल्या लोट्यात पाहत होते. लोटे तं रिकामे होते.

माझं डोकं सणकलं. भिंतीले पहार टेकून ठेवली होती, ती उचलली. फोडूनच टाकतो म्हणून हौदाकडं धावलो. इंद्रभाननं मागून माझं मनगट धरलं.

"ठेव खाली."

"अबे, हौद तुहा, मेहनत तुही, अन् तुलेच बाजूले उभं करून राह्यले."

"दिसते मले. पण गावात दुसरं पाणी नाही, अन् उन्हाळ्यात परीक्षा हाय. तू हे फोडलं तं मी काय पिऊ?"

त्यानं माझ्या हातातून पहार काढून घेतली, जागच्या जागी टेकवली. मंग आपली घागर रांगेपासून दूर मांडली, चार पावलं मागं सरकला अन् हात बांधून उभा राह्यला.