बेटावर पोट दिसत नाही

माझ्या लेकीच्या, आचलच्या गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालून डॉक्टरीणबाईंनी तिला अंथरुणावर झोपवून ठेवलं, त्याच दिवसांत मी मोबाईलवर गेम खेळायला शिकले.

याआधी दोनदा तिचं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेलं होतं. हे तिसरं. ती अकोल्याला सासरी आणि मी अमरावतीला. रस्ता दोन-अडीच तासांचा, पण आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत, आणि मी ते पाळते. त्यामुळे पंधरा दिवसांनी जायचं, पाण्याची बाटली सोबत न्यायची, तासभर तिच्या पायाशी बसायचं आणि संध्याकाळच्या बसने परत यायचं. तिची सासू, शकुनताई, तिचं सगळं करत होती. माझी काहीच तक्रार नव्हती. पण घरी आले की मला तिचं ते छताकडे बघत पडून राहणं दिसत राही आणि माळेचे मणी तसेच पुढे सरकत.

एक दिवस तीच फोनवर म्हणाली, तू बेटावर ये, तिथं रोज भेटू.

बेट म्हणजे तिचा गेम. त्यात प्रत्येकाला एक छोटं घर, वावराचा तुकडा, विहीर. कुठकुठची माणसं आपापल्या मोबाईलवरून तिथं येतात, भाजी लावतात, एकमेकांना फुलं देतात. मारामारी काही नाही. दुपारी माझा जप आणि पोथीचा अध्याय दोनपर्यंत आटोपतो. तेव्हा तीन ते चार हा आमचा बेटाचा तास ठरला.

पहिल्या दिवशी आपली बाहुली घडवावी लागते. आचलने फोनवरून एकेक सांगितलं. नाकं आठ होती, त्यातलं एक घ्यायचं. केस पांढरे करता येत होते, पण चेहऱ्यावर सुरकुती काही येत नव्हती. लुगडं नव्हतं, साडी नव्हती. सगळ्यात मला लागलं ते कपाळ. कपाळावर काही लावायची सोयच नव्हती. मी कितीदा तरी बोट लावून पाहिलं. बिनकुंकवाची बाहुली रोज तासभर माझ्या नावाने हिंडणार, आणि यजमान इथे बाजूच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. शेवटी टोप्या-रुमालांच्या कप्प्यात एक लाल रुमाल सापडला, तो मी कपाळावर बांधला.

"आई, तू डाकूसारखी दिसून राहिली," आचल म्हणाली आणि हसली. तीन महिन्यांत पहिल्यांदा हसली. मग मी तो रुमाल कधी सोडला नाही.

सहावा महिना सरला. इतके दिवस तिचे कधी भरलेच नव्हते. पोट दिसायला लागलं, पण बघायला कोण? ती खोलीत पडून, आणि आम्ही कोणाला सांगितलेलं नव्हतं. दोनदा सांगून झालं होतं, दोनदा लोक समाचाराला येऊन गेले होते. या वेळी गल्लीत कोणी विचारलं तर मी म्हणे, तिला कामातून सवड नाही. चोरून ओटी भरण्याचं शकुनताईंनी काढलं, तेही मीच नको म्हटलं. नववा लागू द्या.

एका दुपारी आम्ही दोघी बेटावरच्या विहिरीपाशी उभ्या होतो, म्हणजे आमच्या बाहुल्या. आचल फोनवर म्हणाली, "आई, इथं अंग बदलत नाही. तीनच अंगं आहेत अन् तिन्ही शेवग्याच्या शेंगा."

मी म्हटलं, असू दे की.

"मले पोट घेऊन चालून पाहायचं आहे. खरं त चालता येत नाही. इथं चालता येते त पोट येत नाही."

तिने कंपनीला पत्रही लिहिलं. चार दिवसांनी उत्तर आलं, ते तिने मला वाचून दाखवलं. सगळे कपडे सगळ्यांना बसावेत आणि कोणाला कमी-जास्त वाटू नये, यासाठी सर्वांची अंगं सारखी ठेवली आहेत, त्यात बदल करता येणार नाही, असं त्यात होतं.

"कोणाले कमी-जास्त वाटू नये म्हणे," ती म्हणाली. "मंग मले काहून वाटून राहिलं?"

मी तिला समजावलं. पण खरं सांगायचं तर मला आतून बरंच वाटलं होतं. बेटावर दोनशे माणसं, कोण कुठलं, कोणाची नजर कशी, काय ठाऊक. पोट दिसतच नाही तर नजर लागणार कशाला? देवानेच त्या कंपनीला बुद्धी दिली, असं मी मनात म्हटलं आणि संध्याकाळी दिव्यापाशी एक उदबत्ती जास्त लावली.

ती बुद्धी आठ दिवसही टिकली नाही. आचलची कॉलेजातली मैत्रीण गजाला, बाळापूरची, तीही बेटावर असते; दिवस राहिल्याचं तेवढं आचलने तिला सांगितलं होतं. तिने युक्ती काढली. वावरात कोहळं लावायचं, मोठं झालं की दोन्ही हातांनी उचलायचं. बाहुली ते पोटाशी धरते. वरून थंडीचा ढगळ कोट चढवला की कोहळं कोटाखाली जातं आणि समोर गोल दिसतं, हुबेहूब पोट. मी त्या दिवशी तीनला बेटावर गेले तर माझी लेक सात महिन्यांचं पोट घेऊन विहिरीकडून समुद्राकडे चालत होती. मुद्दाम सावकाश. गजालाची बाहुली पुढे पुढे फुलं टाकत होती.

"आंटी, देखो आपली बेटी," गजाला म्हणाली, तिलाही आचलने फोनवर जोडून घेतलं होतं. "कशी महाराणीसारखी चालून राहिली."

फोनवर मला आचलचा श्वास ऐकू येत होता, जणू ती खरंच चालत होती. मी तिच्या मागे मागे गेले. डोळे भरून आले, पण त्या कोहळ्याकडे मला बघवेना.

कारण कोहळ्याचं आमच्याकडे असं आहे की अख्खं कोहळं बाईने कापू नये. पहिली सुरी पुरुषाने लावायची. माझ्या सासूबाईंनी कधी लावली नाही, मी कधी लावली नाही. घरात कोहळं आलं की यजमान पेपर बाजूला ठेवून उठतात, चीर देतात, मग पुढचं मी. अख्खं कोहळं म्हणजे पोटचं लेकरू, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. आणि बेटावर कोणीही कोणाच्या हातातलं पीक कापू शकत होतं. जवळ गेलं की तीन चित्रं येत. टोपलीचं म्हणजे मागून घ्या, हाताचं म्हणजे जवळच्याला माया करा, त्याच्यावर चांदण्या पडतात, आणि सुरीचं.

त्या दिवसापासून तो तास मला विश्रांतीचा राहिला नाही. कोणी अनोळखी बाहुली आचलच्या जवळ आली की मी मध्ये जाऊन उभी राहायची. एकदा एका टोपीवाल्याला अर्धा तास मी वाट दिली नाही. आचल चिडवायची, बॉडीगार्ड ठेवला आहे म्हणायची. मी तिला कोहळ्याचं सांगितलं नाही. बोलून दाखवलं की ते जागं होतं.

गुरुवार होता. माझं एकवेळचं जेवण, तेही सूर्यास्तानंतर. तीनला बेटावर गेले तेव्हा आचल आधीच समुद्रापाशी उभी होती, एकटी. आवाज थकलेला वाटला. झोप झाली नाही म्हणाली. मला वाटलं, इतके दिवस इतकी माणसं बघून गेली, नजर लागलीच असणार. मीठमोहरी तर बेटावर नाही. मग निदान मायेचा हात तरी लावू, तेवढ्याने उतरेल. मी जवळ गेले. तीन चित्रं आली. मी हातावर बोट ठेवलं. माझं बोट जाड, चष्मा जुना. बोट सुरीवर पडलं.

कोहळ्याच्या चार फोडी झाल्या आणि वाळूवर पडल्या. कोट सपाट झाला. आचलच्या बाहुलीचे दोन्ही हात तसेच गोल उचललेले राहिले, मध्ये काही नाही.

मी म्हटलं, "आचल."

उत्तर आलं नाही. फोन चालू होता, खुडबुड ऐकू आली आणि बंद झाला. बेटावरून तिची बाहुलीही नाहीशी झाली. मी पुन्हा पुन्हा फोन लावला, तिने उचलला नाही.

मी देवघरात जाऊन बसले. कापायचं आणि तेही मीच, आईनेच. वात लावताना काडी तीनदा विझली. लेकीची खुशाली कळेपर्यंत पाण्याचा थेंब घेणार नाही, असं देवाला सांगितलं. यजमान दारात येऊन उभे राहिले. मी त्यांना सगळं सांगितलं.

"अवं, ते चित्र होतं," ते म्हणाले.

"ह्या देवघरातबी चित्रच आहे," मी म्हटलं. "मी तीस वर्ष त्याच्यापुढे डोकं टेकवून राहिले. तवा कधी म्हटलं नाही तुमी, की ते चित्र आहे."

ते चप्पल घालून आले आणि म्हणाले की पिशवी भर, बस पकडू. आम्ही दाराला कुलूप लावत होतो तेव्हा जावयांचा, पियुषरावांचा फोन आला. आचलच्या पोटात कळा येत होत्या, तिला दवाखान्यात नेत होते.

मूर्तिजापूरपर्यंत मी डोळे मिटूनच होते. देवाचं नाव घेत होते, पण प्रत्येक नावामागे ती सुरी यायची. यजमानांनी दोनदा बाटली पुढे केली, मी मान हलवली. दिवेलागणीला दवाखान्यात पोहोचलो. शकुनताई बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या की ती तुमचीच वाट पाहते, जा आत.

आचलच्या हाताला सलाईन होतं, पोटावर पट्टा बांधलेला. पोट होतं. आधी मी तेच पाहिलं. मग तिच्या पलंगाशी खाली बसले आणि सांगून टाकलं की कोहळं माझ्या हातून कापलं गेलं, मुद्दाम नाही, तुझी नजर उतरवायची होती.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "कोणतं कोहळं?"

मी परत सांगितलं.

"मी पाहिलंच नाही," ती म्हणाली. "कळ आली, फोन गादीवर टाकला." मग म्हणाली, "आई, मले मंगळवारपासून दुखून राहिलं होतं."

मंगळवार, बुधवार, गुरुवार. मी मनात मोजलं. मंगळवारी तर आम्ही तासभर बेटावर हिंडलो होतो, ती गाजरं काढत होती.

"अन् तू बोलली नाही?"

"कोणाले बोलू? तुले?" तिचा आवाज चढला नाही. "तिसऱ्या महिन्यात एक डाग दिसला, तुले सांगितलं. तू तीन दिवस पाणी सोडलं. बाबानं तुले सलाईन लावून आणलं. मी इथं पडल्या पडल्या पोटातल्याची काळजी करू का तुही? तुले सांगितलं की तू उपाशी राहतं. इथल्या आईले, सासूबाईले सांगितलं की त्या तुले सांगतात. मंग म्हटलं गॅस असन, राहू दे."

दोन दिवस ती कळा गिळत पडली होती, आणि मी तिच्या राखणीला बाहुली उभी करून समाधानात होते. देवासाठी म्हणून मी जे जे धरलं होतं, ते सगळं त्या पोरीच्या उशाशी जाऊन बसलं होतं.

मी विचारलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या.

"सांगत नाही," ती म्हणाली. "आधी जेव."

"आचल, अकोल्याचं अन्न मी..."

"माहीत आहे मले. जेव, मंग सांगतो."

यजमान खिडकीकडे तोंड करून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते वळले नाहीत. शकुनताई आत आल्या. त्यांनी डबा उघडला, भाकर, फोडणीचं वरण आणि मेथीची भाजी. ताटलीत वाढून माझ्या हातात दिली. त्यांच्या घरचा पहिला घास होता तो. नातवंड अजून व्हायचं होतं. मी देवाची क्षमा मागितली आणि खाल्लं. मग त्यांनीच तांब्यातलं पाणी दिलं, तेही प्यायले. आचल माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होती, लहान मूल जेवतं की नाही पाहावं तशी. अर्धी भाकर झाल्यावर ती बोलली.

टाका धरून आहे. ठोके चांगले आहेत. कळा थांबवायचं औषध सुरू केलं आहे, बाळाच्या फुप्फुसांसाठी एक इंजेक्शन दिलं, दुसरं उद्या. आता बाळंतपण होईपर्यंत इथंच राहायचं. दोन महिने निघाले तर उत्तम, नाही निघाले तर काचेच्या पेटीत ठेवावं लागेल. नक्की कोणीच सांगत नाही.

तिने एकही गोष्ट गाळली नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. मी उरलेली भाकर संपवली.

यजमान परत गेले, मी राहिले. गजालाचा फोन आला तर आचलने तिला सगळं खरं सांगितलं, महिने, टाका, कळा, सगळं, आणि मी अडवलं नाही. कोहळ्याचं मात्र माझ्या मनातून पूर्ण गेलं असं म्हणणार नाही. मंगळवार आधी येतो, गुरुवार नंतर, एवढं मला कळतं. तरी डोळा लागला की ते रिकामे गोल हात दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुनताईंनी पोहे पाठवले होते. मी स्टुलावर बसून खात होते. आचल जागी झाली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या ताटलीकडे पाहिलं.

"आई, पहाटे परत दुखलं," ती म्हणाली. "दोनदा."

माझा हात ताटलीतच थांबला. तिची नजर त्या हातावरच होती. मी घास उचलला, चावला, गिळला.

"किती वेळ?" मी विचारलं.

"पहिली कळ थोडी. दुसरी जास्त."

मी आणखी एक घास घेतला आणि सिस्टरला हाक मारली.