निळं खोड

"अम्मा, झाडाचं खोड निळं कधीपासून विणायला लागलात?"

चहा घेऊन आलेली सून, मलकनाज, मागावर वाकली होती. माहगंजचा हात थांबला. जमिनीवरच्या आडव्या मागावर, विणून झालेल्या भागावर बसून ती सकाळपासून गाठी मारत होती. साहतीच्या, तिच्या धाकट्या लेकीच्या लग्नाचा गालिचा होता तो. असा गालिचा आईच्याच हातचा लागतो आणि सासरच्या बायका तो उलटा करून गाठ न् गाठ तपासतात. लग्न अठरा दिवसांवर आलं होतं.

"किती झालंय निळं?"

"चार बोटं. पानं काळी झालीत. दिसलं नाही तुम्हाला?"

कुठलं दिसायला! दोन वर्षं झाली, गर्द निळा आणि काळा तिला सारखेच दिसत होते. नमुना तर कागदावर कधी नव्हताच, तो डोक्यात होता. रंगाचं काम ती नाकावर भागवत होती. काळी लोकर बिनरंगाची, तिला मेंढीचा वास. निळीला रंगाच्या हौदाचा आंबूस वास. ओढणी सावरायचं निमित्त करून लोकरीचा गुंडा नाकाशी न्यायचा, की झालं. घरात कुणाला पत्ता नव्हता.

"गुंडे धुतलेस का गं?"

"परवा. वाऱ्यानं नुसती माती बसली होती. साबणात चांगले खळबळून काढले. का?"

माहगंज हातातला गुंडा हुंगत होती. मलकनाजला उमगलं.

"वासावर विणत होतात?"

"हळू बोल. साहतीला कळायला नको."

"मी उसवून विणते, अम्मा. नाव तुमचंच सांगू."

"तिच्या सासूला कळेल. तुझी गाठ सैल असते."

"माझी? माझ्या माहेरी विचारा जाऊन."

"तिथूनच शिकून आलीस ना, म्हणून तर सांगते."

मलकनाजला हसू आलं, पण माहगंज हसली नाही. लपवून लपवून ती पार दमली होती. या हातांनी थोरल्या दोघी लेकींना अख्खे गालिचे दिले, धाकटीच्याच वाट्याला अर्धा आला, याचं तिला फार वाईट वाटलं. पण ती बाजूला सरकली आणि लोकर ठोकायचा पंजा तिनं सुनेच्या हातात दिला.

दुपारपर्यंत चुकलेलं उसवून झालं. मलकनाजनं नवी ओळ घातली, ठोकली.

"आणि बायकांनी विचारलं, कुणी विणला, तर?"

माहगंजनं गालिच्यावरून तळवा फिरवला. घट्ट गाठी संपून सैल लागल्या, तिथं बोट टेकवलं.

"सांग, इथपर्यंत आईनं."