दर एक तारखेला पाच हजार

"गेले!" असं म्हणून ह्यांनी फोन टेबलावर ठेवला आणि कपाळ पुसलं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून मनगटाएवढ्या केबलशी झुंजताना ज्या माणसाला घाम फुटत नाही, त्याला पाच हजार पाठवताना फुटत होता.

"पिन विचारला का त्याने?" मी चहा गाळता गाळता विचारलं.

"लेकीने शिकवलं तेव्हा विचारला होता. आता नाही विचारत. ओळखतो तो आपल्याला."

"तो म्हणजे कोण?"

"अगं, फोन! हिरवी खूण आली की झालं. तुला नाही कळायचं त्यातलं."

नसेल कळत. माझ्या फोनला अजून बटणं आहेत आणि मी तो फक्त कानाला लावते. पण पिन न विचारता पैसे सोडणारा फोन मला तेव्हाच खटकला होता, हे मी आज छातीठोकपणे सांगते. त्या दिवशी मात्र ह्यांच्यापुढे फक्त चहाचा कप ठेवला.

हे पैसे मास्तरांचे होते. मास्तर म्हणजे शिंपी. सरकारी वसाहतीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. तीस वर्षांपूर्वी ते शिवलेले चार सूट पोचवायला निघाले आणि तिसऱ्या-चौथ्या मजल्यांच्या मध्ये लिफ्टमध्ये अडकले. दुरुस्तीला आमचे हे गेले. दोन तास दाराच्या फटीतून त्यांनी मास्तरांना गप्पांत गुंतवून ठेवलं. बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "लिफ्टवाल्या, तू मुद्दाम उशीर केलास." तिथून जी गट्टी जमली ती जमलीच. दोघं एकमेकांना नावाने कधी हाक मारत नाहीत. मास्तर आणि लिफ्टवाल्या, बस्स.

गेल्या वर्षी माझ्या पाठीचं ऑपरेशन निघालं. मणक्यात स्क्रू बसवायचे होते आणि साठ हजार कमी पडत होते. ह्यांनी मास्तरांपुढे तोंड उघडलंही नव्हतं. मास्तर स्वतःच हॉस्पिटलात आले, कापडी पिशवी माझ्या खाटेखाली सरकवली आणि म्हणाले, "वहिनी, चिंध्या आहेत, उशीला भरायला होतील." वर चिंध्या होत्या, खाली साठ हजार. कागद नाही, सही नाही, व्याजाचं नाव नाही.

मी चालायला लागल्यावर ह्यांनी दर एक तारखेला पाच हजार फेडायचं ठरवलं. चार महिने ते स्वतः दुकानात जाऊन देत. मास्तर न मोजता ते खणात टाकत. हे म्हणत, "मोज की!" मास्तर म्हणत, "तुझे पैसे मोजत बसलो तर गिऱ्हाइकांची मापं कधी घेऊ?" मग तासभर दोघं स्टुलांवर बसून एकमेकांची सालं काढत. त्या दिवशी घरी येताना ह्यांची चालच वेगळी असे. कर्ज फेडून इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मग ह्यांची नेमणूक शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात झाली. आठ लिफ्ट आणि माणूस एक. सुट्टीच्या दिवशीही बोलावणं यायचं. घरी येईपर्यंत मास्तरांचं दुकान बंद झालेलं असायचं. लेक चार दिवस माहेरी आली होती, तिने ह्यांच्या फोनवर पैसे पाठवायची सोय करून दिली. ह्यांच्यासमोर बसून, गाडीची वेळ झालेली असताना, घाईघाईत शिकवलं. "बाबा, दोन बटणं आहेत. डावीकडचं दाबायचं. सोप्पं आहे." ह्यांच्या फोनवरून स्वतःला दहा रुपये पाठवून दाखवले आणि गेली.

त्यानंतर मास्तरांकडून चकार शब्द आला नाही.

पहिल्या महिन्यात हे म्हणाले, "कामात असेल." दुसऱ्या महिन्यात म्हणाले, "तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. एक 'मिळाले' म्हणायला काय जातं त्याचं?" तिसऱ्या महिन्यात काहीच म्हणाले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

"अहो, तुम्हीच करा की फोन."

"मी का करू? पैसे मी पाठवले. साठ हजार दिले म्हणून आता बोलायचंही बंद करायचं? फेडतोय ना मी? एक दिवस इकडचा तिकडे नाही केला."

बसमधून ते एक थांबा आधी उतरायला लागले, मास्तरांची गल्ली टाळण्यासाठी. जेवताना हं-हूं करायचे. घरात हसणारा माणूस हसेनासा झाला की भिंतीसुद्धा जवळ आल्यासारख्या वाटतात. मला राहून राहून वाटायचं, हे सगळं माझ्या पाठीतल्या त्या स्क्रूंपायी. ऑपरेशन माझं झालं आणि तुटले हे दोघं.

चौथ्या महिन्यात पासबुक भरून घ्यायला मी बँकेत गेले. खात्यात तळ दिसत असणार अशी मनाची तयारी होती. काउंटरवरच्या मुलीने पासबुक मशीनमधून काढून दिलं आणि शिल्लक बघून मी तिला म्हटलं, "बाई, हे दुसऱ्या कुणाचं तरी छापलंय."

"नाही काकू, तुमचंच आहे."

"अगं, दर महिन्याला पाच हजार जातात आमचे!"

तिने बोट फिरवलं. "जात नाहीत काकू, येतात. हे बघा. चार वेळा पाच हजार आलेत." प्रत्येक ओळीत मास्तरांचं नाव होतं.

मी तशीच रिक्षा केली आणि मास्तरांच्या दुकानात गेले. मला दारात बघून मास्तर ताडकन उठले. आधी त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. माझ्या पाठीकडे बघितलं.

"वहिनी! चालत आलात?"

"मग काय उडत येऊ?"

"बसा, बसा. मला वाटलं... बरं वाटतंय ना आता?"

"मला काय धाड भरलीय? भावजी, तुम्ही आम्हाला पैसे का पाठवता?"

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली. मग हळूच म्हणाले, "त्याने मागितले म्हणून. त्याला सांगू नका मी बोललो ते. लाजेल."

त्यांनी फोन पुढे केला. ह्यांचं नाव, त्याखाली पाच हजारांची मागणी, चारही महिन्यांच्या एक तारखेला. मला चष्म्याशिवायही नीट दिसत होतं आणि नीट समजतही होतं. लेक समोर बसून शिकवत होती. तिचं डावं ते ह्यांचं उजवं. पाठवायच्या बटणाऐवजी हा गृहस्थ चार महिने मागायचं बटण दाबत होता, आणि बँकेचे मेसेज तर हा कधी उघडतच नाही! मागायला कशाला लागतोय पिन? तो लागतो देणाऱ्याला.

"पण भावजी, आधीचे चाळीस बाकी असताना कुणी पुन्हा मागतं का? तुम्हाला विचारावंसं नाही वाटलं?"

"वाटलं ना. म्हणूनच नाही विचारलं. तो तोंडाने कधी मागणार नाही हे मला माहीत आहे. फोनवरून मागतोय म्हणजे किती अडला असेल! वाटलं, तुमचं पाठीचं दुखणं पुन्हा उलटलं असणार. घरी यायला निघालो होतो दोनदा. पण मी समोर दिसलो असतो तर त्याला खाली बघायला लागलं असतं."

मी हसणार होते, हसू ओठापर्यंत आलंही होतं. तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यात गेली. तिथे कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक मशीन असायचं. आता फरशीवर त्याच्या पायांचे चार डाग होते.

"मशीन कुठे गेलं?"

"जागा अडवत होतं."

"भावजी."

"पुढच्या रस्त्याच्या गणवेशवाल्याला दिलं. हातानेही होतात की कडा. आधी हातानेच तर करायचो." काउंटरवर अर्धवट शिवलेल्या पॅंटींचा ढीग पडला होता आणि मास्तरांच्या बोटाला पट्टी होती. मला हुंदका आवरला नाही. मास्तर घाबरून पाणी आणायला धावले. पाणी पिऊन मी त्यांना बटणाचा सगळा घोळ सांगितला.

घरी येऊन ह्यांना सांगितलं तेव्हा ह्यांनी पासबुकातल्या चारही ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "म्हणजे चार महिने मी त्याच्यापुढे हात पसरत होतो, आणि वर त्यालाच शिव्या घालत होतो." कान लाल झाले होते. मी म्हटलं, "हो. आणि त्याने मशीन विकून तो हात भरला. आता लाजत बसायचं असेल तर बसा, नाहीतर उद्या सुट्टी टाका."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गेलो. दारात हे अडखळले. मास्तर सुईत दोरा ओवत होते, मान वर न करता म्हणाले, "लिफ्टवाल्या, तीस वर्षं बटणं दुरुस्त करतोस आणि तुला एक बटण ओळखता येईना?"

"आणि तू? मागितले की दिले? अक्कल गहाण टाकलीस?"

"टाकली असती, पण तिचे कोण देतंय पाच हजार?"

मग काय, सुरूच झाले दोघं. चार महिन्यांचं साचलेलं होतं. मी स्टूल ओढून बसले आणि कितीतरी दिवसांनी ह्यांचं हसणं ऐकलं. ह्यांनी वीस हजार तिथेच परत पाठवले, चष्मा लावून, प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचत. वीसच्या वीस खात्यात शाबूत होते. लगेच तिघं गणवेशवाल्याकडे गेलो. तो भला माणूस, पण त्याचा हंगाम सुरू झाला होता. म्हणाला, "मशीन परत देतो, घेतलं त्याच किमतीला. पण शाळा उघडू देत. दोन महिने."

ह्यांनी दुसऱ्याच दिवशी साहेबांकडून सकाळची पाळी मागून घेतली. तेव्हापासून दुपारी चारला सुटतात, साबणाने तीनदा हात धुऊन नखांतलं ग्रीस काढतात आणि मास्तरांच्या दुकानात जाऊन पॅंटींच्या कडा शिवतात. साठीला टेकलेला माणूस, जीभ दातांत धरून, तासाला एक पॅंट. घरी आल्यावर मला ऐटीत सांगतात, "आज तीन झाल्या. मास्तरचा भार तेवढाच हलका."

काल ह्यांचा डबा दुकानात राहिला म्हणून मी आणायला गेले. हे नुकतेच निघाले होते. मास्तर दिव्याखाली बसून ह्यांनी शिवलेल्या तीन पॅंटींचे टाके एकेक करून उसवत होते आणि कडा पुन्हा शिवत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी डबा उचलला, बाजूच्या टोपलीतली एक सुई घेतली आणि दुसरी पॅंट माझ्याकडे ओढली.