विकलेल्या घराचे फाटक

मित्रांनो, हैदराबादच्या मलकपेठेत भंगाराच्या दुकानामागे गंज खात पडलेले मी एक जुने लोखंडी फाटक आहे. ज्या घराची मी राखण केली, त्या घरातल्या बहीणभावाची हकिकत तुम्हांला सांगते.

आबासाहेब बीदरकडची शेती सोडून हैदराबादला नोकरीला आले. पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जागा घेतली, घर बांधले आणि लोहाराकडून मला घडवून घेतले. मला बसवल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिले आणि म्हणाले, "मजबूत आहे." त्या एका शब्दावर मी कितीतरी उन्हाळे काढले. त्यांची मुले, मोठा श्रीकांत आणि धाकटी कुसुम, माझ्यावर उभी राहून झोके घेत.

पुढे श्रीकांतराव रेल्वेत लागले, कुसुमताई शाळेत शिकवू लागल्या. कुसुमताईंनी लग्न केलेच नाही. श्रीकांतरावांची पत्नी वारली, मूलबाळ नव्हते. म्हातारपणी दोघेच उरले आणि दोघांनाही जिना चढवेना. तेव्हा त्यांनी घर विकायचे ठरवले.

मित्रांनो, जुनी जागा विकून नफा झाला, की त्यावर सरकारला कर द्यावा लागतो. कुसुमताई सल्लागाराला विचारून आल्या. माझ्यापाशीच उभ्या राहून भावाला म्हणाल्या, "दादा, मुदतीत दुसरं घर घेतलं तर बराचसा कर वाचतो म्हणे. तारनाक्याला दोन खोल्या घ्यायच्याच आहेत आपल्याला. उरेल तो भरू."

"आबांनी पोट मारून घेतलेली जागा. सरकारला का द्यायचं?"

"द्यावं लागलं तर देऊ. पण सगळं कागदावर येऊ द्या."

"तुला व्यवहारातलं काय कळतं, कुसुम?"

घर घेणारा बिल्डर मात्र श्रीकांतरावांच्या मनातलेच बोलला. "कागज पे सरकारी रेट, साब. बाकी हाथ में. टॅक्स का सरदर्द कायकू?" म्हणजे कागदावर कमी किंमत दाखवायची आणि उरलेले पैसे गुपचूप रोख घ्यायचे.

घर दोघांच्या नावावर होते. कुसुमताई सही करीनात. मग श्रीकांतराव जेवेनासे झाले, तेव्हा कुसुमताईंनी सही केली.

रजिस्ट्री झाली. रोख रक्कम घर रिकामे केल्यावर मिळणार होती. दोघे तारनाक्याला भाड्याच्या खोलीत गेले. बिल्डरने घर पाडले, मला मात्र राखणीला तसेच ठेवले. श्रीकांतराव पैसे मागायला आले, तेव्हा आधी त्यांना चहा मिळाला. मग साहेब गावाला गेल्याचे कळू लागले. मग वॉचमन त्यांना पाहिले की मला साखळी घालू लागला. ज्यांना मी खेळवले, त्यांनाच मी अडवत होते.

अखेर एकदा बिल्डर समोर आला. "कौनसा पैसा? कागज दिखाओ," एवढेच म्हणाला आणि आत गेला.

श्रीकांतराव माझे गज धरून उभे राहिले. हात सुटेनात. "वकील म्हणतो, तक्रार केली तर कर बुडवायला निघालो होतो, हे आधी आपल्यालाच सांगावं लागेल," ते सोबत आलेल्या कुसुमताईंना पुटपुटत म्हणाले. कागदावर आलेल्या पैशांत दुसरे घर बसले नव्हते. मुदत टळली होती आणि त्या पैशांवरचा कर पुरता भरावा लागला होता.

कुसुमताईंनी त्यांची बोटे हलकेच सोडवली. "चला दादा, ऊन लागतंय." 'मी सांगत होते' हे त्यांच्या तोंडून एकदाही आले नाही.

त्यानंतर त्या एकट्याच आल्या. वॉचमनला म्हणाल्या, "दादा गेले. आता कुणी विचारायला येणार नाही. तेवढं तुमच्या साहेबांना सांगा."

वॉचमनने मान खाली घातली. कुसुमताई बसथांब्याकडे चालू लागल्या.

मित्रांनो, घर विकावे लागले तर विका, त्यात कमीपणा नाही. पण द्यायचे ते उजेडात द्या, घ्यायचे ते उजेडात घ्या. आणि आपले माणूस काही सांगत असेल, तर जेवण सोडून त्याला नमवू नका. जरा थांबून त्याचे ऐका. श्रीकांतराव थांबले असते, तर तारनाक्याच्या दोन खोल्यांत आज दोघे असते.